धुके, तेल आणि टोपीदार बंदूक: ग्वाल्हेरकडच्या एका रखवालीच्या हंगामाचा प्रकरण अभ्यास

ग्वाल्हेरहून झाशीच्या रस्त्याने दक्षिणेस गेले की डबरा लागते आणि तिथून आत वळले की भितरवारकडची कालव्याची शेती सुरू होते. या पट्ट्यात आमच्या नात्यातील एका वृद्ध गृहस्थांची (पुढे त्यांचा उल्लेख ‘काका’ असाच करतो) वडिलोपार्जित जमीन आहे. रब्बीत तिथे गहू, हरभरा आणि मोहरी असते, आणि नीलगाई व रानडुकरांपासून हे पीक राखण्यासाठी काकांकडे परवान्यावरची एक ठासणीची बंदूक आहे. २०२३-२४ च्या हिवाळ्यात, म्हणजे जेव्हा तिची खरी गरज होती तेव्हाच, ही बंदूक दगा देऊ लागली. चाप ओढला तरी कधी बार जाईना, कधी दुसऱ्यांदा घोडा पाडल्यावर जाई, तर कधी क्षणभर थांबून, सर्वांनी नळी खाली वळवण्याच्या बेतात असताना उडे. हे का घडले, ते कसे शोधले आणि उरलेला हंगाम ती बंदूक कशी चालवली, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

आधी कायद्याची बाजू स्पष्ट केलेली बरी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे शिकारीचा हंगाम असा उरलेला नाही. उभ्या पिकाला धोका ठरणाऱ्या जनावरालाही अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय मारता येत नाही, आणि काकांनी तसा आदेश कधी मागितलेला नाही. त्यांच्या बंदुकीत फक्त बंदुकीची काळी दारू आणि तिच्यावर दाबलेली डाट, म्हणजे कागदाचा किंवा चिंधीचा बोळा, असते; छर्रे नसतात. काम आवाजाचे आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि काकांचा परवाना त्याच प्रकारचा आहे. माझ्याकडे परवाना नाही; म्हणून पुढे वर्णन केलेली प्रत्येक तपासणी काकांच्या समोर आणि त्यांच्या हातूनच झाली, मी बाजूला उभा राहून सांगत व टिपून घेत होतो. ज्या दुरुस्तीला अवजार लावावे लागले ती शहरातल्या परवानाधारक कारागिराकडून करून घेतली, कारण बंदूक दुरुस्त करण्यालाही स्वतंत्र परवाना लागतो.

बंदूक एकनळी, गुळगुळीत नळीची आणि टोपीदार आहे. दारू तोंडाकडून ओतायची, तिच्यावर डाट घालून गजाने ठासायची, मागच्या निपलवर, म्हणजे आरपार बारीक भोक असलेल्या छोट्या पोलादी खुंटीवर, तांब्याची टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. घोडा टोपीवर आपटतो, टोपीतील स्फोटक पेटते, ती ठिणगी निपलच्या बारीक भोकातून आणि पुढच्या आडव्या वाटेतून, म्हणजे बंदुकीच्या कानातून, नळीच्या बुडाशी असलेल्या दारूपर्यंत पोचते. या मार्गात कुठेही अडथळा आला तर बार जात नाही. वाट जेमतेम काही सेंटिमीटरची आहे आणि सुई जाईल एवढीच रुंद आहे. या प्रकारच्या बंदुकीचा बहुतेक भरवसा या एवढ्याशा वाटेवर अवलंबून असतो, हे काकांच्या घरी कोणी कधी फारसे मनावर घेतले नव्हते. नळी चकचकीत दिसली की बंदूक ठीक, असा तिथला समज होता.

त्या वर्षी मध्य प्रदेशात विधानसभेची निवडणूक होती. ऑक्टोबरमध्ये आचारसंहिता लागली आणि नेहमीप्रमाणे परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा झाली. मतदान १७ नोव्हेंबरला झाले, मतमोजणी ३ डिसेंबरला, आणि त्यानंतर बंदूक परत मिळाली. जमा करण्यापूर्वी, ती तिथे गंजू नये म्हणून काकांनी नळीत मोहरीचे तेल सढळ हाताने ओतले होते आणि घोड्याच्या सांध्यांना शिलाईयंत्राचे तेल दिले होते. परत आल्यावर त्यांनी गजाला चिंधी गुंडाळून नळी पुसली, तोंडातून डोकावून पाहिले, आत आरशासारखे लकाकत होते, आणि बंदूक कामाला लागली. गव्हाला तेव्हा नुकतीच फूट येत होती. नीलगाईंना हाच काळ आवडतो.

पहिल्या काही रात्री कुरकुरत का होईना, बार जात होते. डिसेंबर संपता संपता धुके उतरू लागले आणि तक्रार वाढली. रखवालदाराने निदान तत्काळ केले: “दारू सील गई है,” म्हणजे दारू सादळली आहे. हे निदान घरात सर्वांना पटले, कारण ते सोपे होते आणि त्यात दोष कोणाचाच नव्हता. काकांनी परवानाधारक दुकानातून दारूचा नवा डबा आणला. फरक पडला नाही. जुनी दारू गच्चीवर उन्हात पसरून वाळवण्याचा बेतही झाला होता. तो मात्र मी हात जोडून थांबवला.

दारूवरचा संशय फेडण्यासाठी काकांनी जुन्या डब्यातील चिमूटभर दारू, डबा पुरेसा दूर ठेवून, दगडावर घेतली आणि लांब काठीला बांधलेल्या काडीने पेटवली. ती भस्सकन आणि एकदम जळाली. ओलसर दारू अशी जळत नाही, सुरसुरत जाते. हे अपेक्षितच होते. दारूत शोरा, गंधक आणि कोळसा असतो. यांतला शोरा चांगला, पोटॅशियमचा असेल तर तो हवेतील ओल सहजासहजी ओढत नाही, त्यासाठी हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्याही वर जावी लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेली चांगली दारू एका धुक्याच्या आठवड्यात सादळून जाईल हे संभवत नव्हते.

दारू निर्दोष ठरल्यावर मी काकांना आणि रखवालदाराला एकच विनंती केली, की यापुढे ‘बार गेला नाही’ एवढेच न सांगता नेमके काय घडले ते सांगावे: टोपी फुटली की नाही, फुटली असल्यास आवाज कसा आला, आणि पहिला बार होता की आधीच्या बारानंतर पुन्हा भरलेला. रखवालदाराला हे सुरुवातीला नसते लचांड वाटले. पण दोन-चार रात्रींतच चित्र उलगडू लागले, कारण जी एक तक्रार वाटत होती ती तीन निरनिराळ्या घटनांची मोळी निघाली. काही वेळा टोपीच फुटत नव्हती, मात्र घोडा पुन्हा पाडला की फुटत होती. काही वेळा टोपी टचकन फुटत होती पण आतली दारू गपगार राहत होती, आणि हे बहुधा रात्रीच्या पहिल्याच बाराला होई. तिसरा प्रकार, म्हणजे उशिरा उडणे, दुसऱ्या किंवा तिसऱ्या बाराला आणि तोही दाट धुक्याच्या रात्रीच दिसे. तीन दोष एकाच बंदुकीत एकत्र नांदत असल्यामुळे कोणताही एक उपाय केला तरी तक्रार संपत नव्हती, आणि म्हणून प्रत्येक उपाय निरुपयोगी वाटत होता.

पहिल्या दोषाचा उलगडा चटकन झाला. पहिल्या घावाला न फुटणारी आणि दुसऱ्या घावाला फुटणारी टोपी बहुधा चांगली असते. ती नीट बसलेली नसते. पहिला घाव तिला खाली बसवण्यात खर्ची पडतो. काकांनी निपल उजेडाकडे धरले तेव्हा त्याचे तोंड अळंबीसारखे किंचित पसरलेले दिसले. घरातली मुले रिकाम्या बंदुकीचा घोडा पाडून खेळत असत. मध्ये टोपी नसताना पोलाद पोलादावर आपटत राहिले की निपलची कड अशीच चेपते आणि मग टोपी वरच्या वर अडकते. कारागिराने त्याच आट्यांचे नवे निपल बसवले. जुन्या आट्यांत भलते निपल पिळून बसवण्याचा मोह गावाकडे अनेकांना होतो, पण तसे निपल बार उडताना मागे, थेट तोंडावर येऊ शकते. मुलांना घोड्याशी खेळू न देणे हा यातला उरलेला उपाय. खरे तर तो सुरक्षिततेसाठीही पहिला असायला हवा होता.

दुसरा दोष तेलाचा होता, आणि त्याची साखळी ठाण्यातल्या मुक्कामापासून सुरू होते. बंदुका सहसा दस्ता खाली आणि तोंड वर अशा उभ्या ठेवल्या जातात. तोंडाकडून ओतलेले तेल अशा स्थितीत आठवडेच्या आठवडे हळूहळू खाली उतरते आणि जिथे ते सर्वांत नकोसे असते तिथे, म्हणजे नळीच्या बुडाशी आणि कानाच्या वाटेत, साचते. मोहरीच्या तेलाचा आणखी एक गुण असा की ते हवेशी संपर्कात राहिले की चिकट होत जाते. देवघरातल्या समईच्या बुडाशी जो राप बसतो तोच हा. गजावरची चिंधी नळीची भिंत पुसते, पण बुडाच्या कोपऱ्यात आणि आडव्या वाटेत ती पोचत नाही. त्यामुळे नळी आरशासारखी आणि कान बुजलेला, अशी ती अवस्था होती. जुने निपल काढल्यावर काकांनी त्याच्या भोकात बारीक तार घातली, तेव्हा टोकाला मधाच्या रंगाचा, मेणासारखा मळ निघाला आणि त्यात जळक्या दारूचे काळे कण रुतलेले होते. एवढ्या अडथळ्यातून टोपीची ठिणगी कधी पार होई, कधी होत नसे. आणि पार झाली तरी बुडाशी तेलात भिजलेली दारू तिची वाट पाहत असे.

या दोषावर काकांच्या घरी पूर्वीपासून घासलेट वापरत. तेलाचा राप काढायला घासलेट चांगलेच आहे. चूक अशी होती की बार उडवल्यानंतरची सफाईही घासलेटनेच होत असे, आणि तिसऱ्या दोषाचे मूळ नेमके इथे होते. काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू होऊन जात नाही, तो घन रूपात उरतो. काही हवेत उडतो, काही नळीला चिकटतो. हा अवशेष प्रामुख्याने पोटॅशियमच्या क्षारांचा असतो आणि क्षार घासलेटमध्ये विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. त्या क्षारांतला पोटॅशियम कार्बोनेट तर हवेतली आर्द्रता पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास गेली तरी पाणी ओढून ओलाचिंब होतो. म्हणजे सादळण्याची जी भीती सगळे न जळलेल्या दारूबद्दल बाळगत होते, ती खरी तर जळून गेलेल्या दारूबद्दल बाळगायला हवी होती. धुक्याच्या रात्री पहिला बार उडाल्यानंतर नळीच्या भिंतीवरचा हा थर अर्ध्या तासात ओलसर होतो. त्यावरून पुढची दारू ओतली की काही कण भिंतीला चिकटतात, काही बुडाशी ओल्या चिखलात बसतात, आणि ठिणगी आली तरी दारू एकदम पेट घेत नाही. उशिरा उडणारा बार हा असा जन्मतो.

धुक्याबरोबर आणखी एक कारण जोडीला आले होते, ते रखवालदाराच्या खोलीचे. ग्वाल्हेरकडे जानेवारीत रात्रीचा पारा पाच अंशांच्याही खाली जातो. रखवालदार दर फेरीनंतर भरलेली बंदूक (टोपी काढून, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे) चूल पेटलेल्या खोलीत आणून भिंतीला टेकवी. चुलीवर चहाचे पातेले, खोलीत दोन माणसे, दार बंद: अशा दमट उबदार हवेत गारठलेले लोखंड आणले की त्यावर दव सुटते, बाहेरून दिसते तसेच नळीच्या आतूनही. मग तीच बंदूक पुढच्या फेरीला बाहेर. बंदूक उबेत ठेवली की कोरडी राहते असा त्याचा समज होता आणि तो वरवर पाहता अगदी शहाणपणाचा वाटतो. प्रत्यक्षात प्रत्येक चहागणिक बंदुकीला आतून घाम येत होता.

उपाय फारसे अवघड नव्हते, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा होता. आधी निपल काढून, नळीचे बूड गरम पाण्यात बुडवून आणि गजावरची चिंधी दट्ट्यासारखी वरखाली करून काकांनी कानाच्या वाटेतून पाणी खेळवले. पहिले पाणी करडे-काळे आले आणि त्याला सडक्या अंड्याचा वास होता. तो वास त्या अवशेषातील गंधकाचा. चिंधी स्वच्छ येईपर्यंत पाणी बदलले, शेवटचे पाणी कडकडीत घेतले म्हणजे लोखंड तापून आपोआप वाळते, आणि मग अगदी पातळ हात तेलाचा दिला. पण तेवढ्यावर बंदूक भरायची नाही. भरण्यापूर्वी कोरड्या चिंधीने ते तेलही पुसून घ्यायचे आणि मग रिकाम्या नळीवर नुसत्या टोप्या फोडायच्या. ही शेवटची पायरी काकांना वायफळ खर्च वाटली, म्हणून ती करून दाखवावी लागली: नळीचे तोंड जमिनीवरच्या वाळक्या पाल्याच्या बोटभर वर धरले आणि टोपी फोडली. पाला हलला नाही. दुसरी टोपी फोडली, तेव्हा तोंडातून तेलकट निळसर धुराचा एक झोत आला आणि पाला थरथरला. तिसऱ्या टोपीला पाला उडून बाजूला पडला. वाट मोकळी आहे याचा याहून स्वस्त पुरावा नाही, आणि पाला हलत नाही तोवर दारू ओतायची नाही हा नियम काकांनी तिथल्या तिथे स्वीकारला.

सफाईची वेळही बदलली. उडालेली बंदूक सकाळपर्यंत तशीच न ठेवता त्याच रात्री पाण्याने धुवायची, आणि दोन बारांच्या मध्ये गजावर एक ओलसर व मागोमाग एक कोरडी चिंधी फिरवायची. बंदूक रखवालदाराच्या खोलीत न ठेवता शेतघराच्या बिनचुलीच्या कोठारात, कुलूपबंद लोखंडी कपाटात, काकांच्या किल्लीखाली ठेवायची, म्हणजे ती बाहेरच्या इतकीच गार राहील आणि दव सुटणार नाही. फेरीच्या वेळी घोडा आणि निपल यांच्यावर चामड्याचा तुकडा आणि तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी रबराने. तोंडात लाकडी खुंटी ठोकण्याची जुनी रीत मी कटाक्षाने बंद करवली. अंधारात ती काढायची राहिली तर नळी फाटते. टोपी बसवायची ती शेताच्या बांधावर उभे राहिल्यावर. टोप्याही आता सदऱ्याच्या खिशात न ठेवता छोट्या झाकणाच्या डबीत असतात, कारण खिशातल्या घामाची ओल टोपीला फारशी सोसत नाही.

न उडालेल्या बाराचे काय करायचे यावर मात्र घरात बराच वाद झाला. रखवालदाराची सवय अशी, की बार गेला नाही की लगेच नळी तोंडाशी नेऊन कानातून हवा जाते का ते फुंकून पाहायचे. उशिरा उडणारे बार ज्या बंदुकीत प्रत्यक्ष घडले आहेत तिच्याबाबत ही सवय म्हणजे मृत्यूला आमंत्रण आहे, आणि ती मोडायला काकांना आवाज चढवावा लागला. आता नळी मोकळ्या दिशेला तशीच रोखून किमान दोन मिनिटे थांबायचे, मग दुसरी टोपी, आणि तीही वाया गेली तर पुन्हा दोन मिनिटे. तरीही बार न गेल्यास टोपी काढून तोंडातून पाणी ओतायचे, दारू पूर्ण भिजू द्यायची आणि मग गजाच्या टोकाला लावलेल्या मळसूत्री आकड्याने डाट ओढून काढायची. कोरड्या दारूवर लोखंडी आकडा फिरवायचा नाही. यात वेळ जातो, त्या रात्रीची फेरी फुकट जाते, आणि मला वाटते ती जावी. गजावर काकांनी सुरीने दोन खुणाही केल्या, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या नळीची, म्हणजे आत बार आहे की नाही हे डोकावून न पाहता कळते. शिवाय डाट पुरती खाली गेली की नाही, हेही त्याच खुणेवरून समजते. डाट अर्धवट राहिली तर दारू सैल पडते आणि तीही नीट पेटत नाही.

जानेवारीच्या उरलेल्या धुक्यात या पद्धतीने पहिला बार नेहमी गेला. उशिरा उडण्याचा प्रकार पूर्ण थांबला असे म्हणता येणार नाही. मधली पुसणी टाळली त्या रात्री तिसऱ्या बाराला तो पुन्हा दिसला, आणि तेव्हापासून काकांनी एका रात्रीत दोनच बार, अशी मर्यादा घालून घेतली. नीलगाईंना आवाजाची सवय होते, त्यामुळे बार मोजकेच असलेले तसेही बरे.

फेब्रुवारीनंतर प्रश्नाचे स्वरूप बदलले. हवा कोरडी झाली, सादळण्याची चिंता मिटली, पण पिकलेल्या मोहरीवर आणि गव्हावर डाटेची ठिणगी पडण्याची भीती उभी राहिली. कागदाची किंवा सुती चिंधीची डाट तोंडातून बाहेर पडते ती अनेकदा धुमसत असते. दव पडलेल्या हिरव्या शेतात ती विझून जाते, मार्चच्या शेतात विझत नाही. डाट लोकरी नमद्याची केली, कारण लोकर धुमसत राहत नाही, आणि बार शेतावरून न काढता कालव्याच्या पाण्याकडे तोंड करून काढायचे ठरले. कापणीच्या आठवड्यात तर बंदूक कपाटातच ठेवली आणि राखणदारी पत्र्याचे डबे वाजवून झाली.

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि बंदूक पुन्हा ठाण्यात गेली. ग्वाल्हेरचे मतदान ७ मेला होते. या खेपेस काकांनी ती गरम पाण्याने धुऊन, वाळवून, यंत्राच्या तेलाचा एकच पातळ हात देऊन जमा केली आणि निपलच्या आट्यांना थोडेसे ग्रीस लावले. ती तिथे तोंड वर करूनच उभी राहणार हे गृहीतच धरले होते. मतमोजणीनंतर जूनमध्ये ती परत आली तेव्हा तोंडाजवळ लाल गंजाचा एक पुसट ठिपका होता आणि बुडाशी तेलाचा हलका ओघळ. ठिपका बारीक पोलादी लोकरीने निघाला, ओघळ कोरड्या चिंधीने. मग अंगणात पाला टाकून टोपी फोडली. पाला पहिल्याच टोपीला हलला, पण काकांनी तरी दुसरी फोडून पाहिली आणि मगच बंदूक कपाटात ठेवली. धानाची लावणी तोंडावर आली होती.